हेरोदाची लंगडी खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, आणि मी लंगडी आहे. मित्रांनो, लंगडी म्हटल्यावर लगेच हळहळू नका. म्हातारपणामुळे माझी ही गत झालेली नाही. मला घडवतानाच तसं घडवलं आहे, मुद्दाम, मापून. माझा पुढचा डावा पाय बाकीच्या तिन्हींपेक्षा एक बोटभर आखूड आहे, आणि ज्याने तो कापला त्याला आपल्या कामाचा फार अभिमान होता.

तो आमच्या चर्चचा सुतार. आमची मंडळी वीस घरांची. नाताळानंतर बाराव्या दिवशी, सणाचा शेवट म्हणून, चर्चमध्ये मुलांचं नाटक होतं. गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. पूर्वेकडचे तीन राजे एका ताऱ्यामागे चालत नव्या जन्मलेल्या बाळाला शोधत येतात. वाटेत त्यांना हेरोद नावाचा राजा भेटतो. तो गोड बोलून म्हणतो, "बाळ सापडलं की मलाही सांगा हं." मनात मात्र बाळाला मारायचा बेत. तीन राजे शहाणे निघतात आणि दुसऱ्या वाटेने घरी जातात.

मुलांच्या या नाटकात एकटा हेरोदच मोठा माणूस असतो. त्याला बसायला सिंहासन हवं होतं. सुताराने किडक्या बाकाची फळी घेतली, सामानाच्या एका खोक्याच्या पट्ट्या घेतल्या आणि मला उभं केलं. खोक्यावरची 'ही बाजू वर' ही अक्षरं माझ्या पाठीच्या आतल्या अंगाला अजून आहेत. उलटी आहेत. वरून सोनेरी रंग दिला. मग करवत घेतली आणि माझा चांगला भला पाय कापला.

"दुष्टाला नीट बसायला कशाला द्यायचं?" तो म्हणाला. "हलू दे मेल्याला."

पहिल्याच वर्षी हेरोद माझ्यावर बसला आणि मी 'टक' केलं. तो सावरला, मी पुन्हा 'टक'. अख्खं चर्च हसलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. आतून मला काय वाटलं ते कोणी विचारलं नाही. खुर्चीला विचारतो कोण?

सुतार मोठा खट्याळ. नाटकात त्याने आपल्या पदरचा एक खेळ घातला, आणि तीच पुढे रीत झाली. हेरोद बसला की सगळ्या मोठ्या माणसांनी लाकडी जमिनीवर पाय आपटायचे. हेरोदाने घाबरून बाजूच्या दाराने पळायचं. तो उठेपर्यंत कोणीही थांबायचं नाही. जो आधी थांबेल तो पुढच्या वर्षीचा हेरोद. आणि मंडळीच थांबली, हेरोद बसून राहिला, तर हेरोद जिंकला. मग त्याचा एक हुकूम सगळ्यांनी मानायचा, बिनतक्रार.

असा हुकूम कधी कोणी दिला नाही. पाय आपटायला लागले की माणूस पळतोच. माझ्याकडे मोजदाद आहे. शाळेचे हेडमास्तर दीड मिनिटात पळाले. बेकरीवाले मामा तीन मिनिटं टिकले, ते बधिर असल्यामुळे. सगळ्यात जास्त टिकला पोस्टमन, चार मिनिटं. त्या विक्रमाची गोष्ट तो पुढे दर पत्राबरोबर घरोघरी पोचवत असे.

थांबणारा कोणी सापडत नसे, म्हणून पुढचा हेरोद चिठ्ठीने ठरे. नाटकाच्या आधीच्या रविवारी मला बाहेर काढायचे, माझ्यावर मातीचा घडा ठेवायचे. प्रत्येक घराने एक चिठ्ठी टाकायची, आपल्या घराबाहेरचं एक नाव. पाळकसाहेब एक चिठ्ठी उचलून वाचत आणि परत घड्यात टाकत. बाकीच्या उघडायच्या नाहीत, हीसुद्धा रीत.

सुरुवातीला लोक गंमत म्हणून नावं घालत. ज्याचा आवाज मोठा, ज्याच्या मिशा झुपकेदार, त्याचं नाव. नंतर हळूहळू गंमत आटली. ज्याने कुंपण पुढे सरकवलं त्याचं नाव. जिने गाण्यात आपल्या मुलीची ओळ पळवली तिचं नाव. शेवटच्या दहा हेरोदांपैकी एकालाही अभिनय येत नव्हता. त्यांचा दुसराच काही गुण मंडळीला दिसला होता. पाय आपटायची रीतही बदलली. पूर्वी लोक हसत आपटत. पुढे पुढे दात आवळून आपटू लागले. मित्रांनो, वर्षभर जे तोंडाने बोलायची हिंमत नाही, ते लोक वर्षातून एकदा टाचेने बोलत.

उरलेलं वर्षभर मी घंटेच्या जिन्याखाली. माझ्या मांडीवर बादली, पाठीला झाडू, पायाशी उंदीर. माझा सोनेरी रंग कधी गेला हे विचाराल तर उंदरांना विचारा.

सुतार वारला. त्याची सून आमच्या वस्तीच्या दवाखान्यात नर्स होती. तिला सगळे नर्सबाई म्हणत. उंच, सरळ, कमी बोलणारी. कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल लोक फार बोलतात.

एका वर्षी नाताळात शेजारच्या वस्तीत गोवर आला. नाटकाच्या दिवशी नर्सबाई चर्चच्या दारात उभी राहिली आणि सजून आलेल्या मुलांना एकेक करून घरी परत पाठवलं. "शंभर माणसं एका खोलीत नकोत," एवढंच म्हणाली. पाळकसाहेब चिडले, आया रडल्या, नाटक रद्द झालं. मी जिन्याखाली बसून सगळं ऐकत होते.

आणि मग काय झालं? काही नाही. आमच्या वस्तीत एकाही मुलाला गोवर झाला नाही.

हाच तिचा गुन्हा ठरला. गोवर आला असता तर लोक तिचे पाय धरते. आला नाही, म्हणून म्हणाले, "बघा, उगाच. काही झालं का?" मित्रांनो, जे झालं त्याची नोंद सगळे ठेवतात. जे झालं नाही त्याची कोण ठेवणार?

सगळ्यात जास्त राग भट्टीवाल्या आत्याला. ही बेकरीवाल्या मामांची बहीण. पहाटे तीनला उठून भट्टी पेटवणारी, त्यामुळे दिवस उजाडेपर्यंत तिचं निम्मं भांडण उरकलेलं असे. तिची नात त्या वर्षी पहिल्यांदा मरिया होणार होती, बाळाची आई. आत्याने रात्री जागून निळा झगा शिवला, उजव्या बाहीला चांदण्या टाकल्या. नाटक रद्द झालं. पुढच्या वर्षापर्यंत नात वीतभर वाढली, झगा बसेना. मरियाचं काम शिंपीणकाकूच्या मुलीला गेलं. झगासुद्धा तिलाच.

"माझ्या पोरीचं वर्ष गिळलं त्या बाईने," आत्या बेकरीत पाव मोजताना प्रत्येकाला सांगे. गिऱ्हाईक मान हलवी. गरम पाव हवा असेल तर मान हलवावीच लागे.

पुढच्या नाताळाला गोवर पुन्हा शेजारच्या वस्तीत आला. या वेळी नर्सबाईकडे लस होती. तिने घरोघरी जाऊन सांगितलं, मुलांना टोचून घ्या. काहींनी घेतलं. अकरा मुलं राहिली. त्यांच्या आया दाराआडून म्हणत, "घरी कोणी नाही." आतून बोलणाऱ्या घरात कोणी नाही, हे नर्सबाईने रोज ऐकून घेतलं. त्या अकरांत आत्याची नात होती, नातूही होता.

त्या रविवारी घडा माझ्या मांडीवर आला. पाळकसाहेबांनी एक चिठ्ठी उचलली आणि वाचली, "नर्सबाई."

कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. तेच मला खटकलं.

नाटकाच्या आदल्या दिवशी दुपारी नर्सबाई एकटीच चर्चमध्ये आली. तिने मला ओल्या फडक्याने पुसलं. सतरा वर्षांत मला कोणी पुसलं नव्हतं. मग घडा मांडीवर घेऊन ती जमिनीवर बसली आणि एकेक चिठ्ठी उघडत गेली. रीत मोडली म्हणा हवं तर. मी तोंड उघडणार नव्हते.

"नर्सबाई," ती वाचू लागली. "नर्सबाई. नर्सबाई. हिला पीठ लागलंय, ही आत्या. ही शिंपीणकाकू, कागदाला टाचणीची भोकं. नर्सबाई. नर्सबाई."

एक चिठ्ठी जांभळ्या शाईची निघाली. त्या शाईने आमच्याकडे एकच माणूस लिहितो, तो दर रविवारी व्यासपीठावरून शेजाऱ्यावर प्रेम करा असं सांगतो. ती चिठ्ठी तिने बराच वेळ हातात धरली.

वीस चिठ्ठ्या, वीस वेळा तेच नाव. विसावी चिठ्ठी तिच्या स्वतःच्या घरची होती, तिच्याच हातची. हो, तिनेही स्वतःचंच नाव घातलं होतं. रीतीप्रमाणे ते चालत नाही, पण ती सुताराची सून होती. रीत कुठे घट्ट आहे आणि कुठे ढिली, हे तिला ठाऊक होतं. दारं बंद करणाऱ्या सगळ्या आया एका खोलीत, आणि तिथून कोणी हलायचं नाही, असं वर्षातून एकदाच होतं. त्या वेळी ज्या जागेवरून हुकूम देता येतो, ती जागा मी.

तिने वीसही चिठ्ठ्या एकावर एक ठेवल्या, घट्ट घडी घातली, मला आडवं केलं आणि ती घडी माझ्या आखूड पायाखाली दोऱ्याने बांधली. पुन्हा उभं केलं. हातानं हलवून पाहिलं.

मी हलले नाही. जन्मात पहिल्यांदा मी चारही पायांवर उभी होते.

"मामंजी," ती हळू म्हणाली, "उद्यापुरती तुमची चेष्टा बाजूला ठेवते."

दुसऱ्या दिवशी चार वाजता चर्च भरलं. तारा दोरीवरून सरकला, तीन राजे आले. नर्सबाई बाजूच्या दाराने आली. डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट, खांद्यावर लाल घोंगडी, हातात नेहमीची काळी पिशवी. ती माझ्यावर बसली. लोक 'टक'ची वाट बघत होते, निम्मे हसायला तोंड उघडून. टक झालं नाही. उघडी तोंडं तशीच मिटली.

हेरोदाचं वाक्य तिने म्हटलंच नाही. सरळ सांगितलं, "मी जिंकले तर माझा हुकूम एकच आहे. उद्या सकाळी नऊ वाजता राहिलेली अकरा मुलं दवाखान्यात. नावं वाचून दाखवत नाही. ज्यांची त्यांना माहीत आहेत."

मग आत्याची टाच जमिनीवर आली, आणि मागोमाग चाळीस टाचा, साठ टाचा.

दोन मिनिटं झाली. चार झाली. "माझा विक्रम गेला," पोस्टमन पाय आपटता आपटता म्हणाला. त्याला कोणी धीर दिला नाही.

"ऊठ की बाई, नाटक आहे हे," मागून कोणी ओरडलं.

"मला नाटक येत नाही," नर्सबाई म्हणाली. "म्हणूनच तर निवडलंत ना?"

आठव्या मिनिटाला तीन छोटे राजे पायरीवर बसले आणि धूप म्हणून आणलेल्या डबीतल्या गोळ्या खाऊ लागले. अकराव्या मिनिटाला वेदीवरची फुलदाणी चालत चालत कडेपर्यंत आली आणि पडली. शिंपीणकाकूच्या बुटाची टाच निघाली. ती मोज्यावर आपटत राहिली. आता नर्सबाईकडे कोणी बघत नव्हतं. जो तो शेजाऱ्याच्या पायांकडे बघत होता. दमलेले सगळेच होते, पण आधी थांबणार कोण? पाळकसाहेबांच्या लांब झग्याखाली एकच पाय हलत होता. दुसरा विश्रांती घेत होता. देव बघतो असं ते सांगतात. मीही बघते.

अठराव्या मिनिटाला आत्या बाकावरून निघाली. पाय आपटतच, मधल्या वाटेने, एकेक पाऊल माझ्या दिशेने. अगदी समोर येऊन उभी राहिली. पाय चालूच. पुढचं बोलणं त्या गडगडाटात फक्त मला ऐकू आलं.

"गेल्या वर्षी काही झालं का?" आत्या म्हणाली. "एका तरी पोराला ताप आला?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. आला नाही. माझं काम तेवढंच असतं, आत्या."

"माझ्या नातीचा झगा मी तीन रात्री जागून शिवला होता."

"माहीत आहे. निळा. उजव्या बाहीवर चांदण्या."

"तुला काय माहीत? तू बघितलास तरी का?"

"दारात मी तिला परत फिरवलं तेव्हा बघितला. ती मला चावली."

"चावली?"

"कडकडून." नर्सबाईने घोंगडी बाजूला केली, बाही वर सारली. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, पांढरा अर्धचंद्र होता. वर्षभर तिने तो कोणाला दाखवला नव्हता.

आत्या वाकली. डोळे बारीक करून तिने तो व्रण नीट पाहिला, जशी ती पावाची तळबाजू बघते.

"दातांमधल्या फटीसकट उमटलंय," ती म्हणाली. "आमचीच आहे."

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिचा पाय थांबला आहे.

सगळ्यांच्याच लक्षात आलं. एका दमात साठ जोडे गप्प झाले. कोणी विजयाने ओरडलं नाही. जो तो घाम पुसत बाकावर कोसळला, आणि प्रत्येकाच्या तोंडावर एकच आनंद होता, की थांबलो ते आपण नव्हे.

पाळकसाहेब धापा टाकत म्हणाले, "रीत आहे. हेरोदाचा हुकूम."

नर्सबाई उठली. बाजूच्या दाराने नाही. मधल्या वाटेने, लोकांच्या मधून, मोठ्या दाराने गेली. कोणी तिच्याकडे बघून हसलं नाही आणि कोणी वाटही पुरती सोडली नाही. तिला अंग चोरूनच जावं लागलं.

दुसऱ्या सकाळी अकरापैकी नऊ आली. हे मला घंटेची दोरी ओढणाऱ्या आजोबांकडून कळलं. ते जिन्याखाली झाडू ठेवताना स्वतःशी बोलतात. सगळ्यात आधी आत्या आली म्हणे, दोन्ही नातवंडांना बखोटीला धरून, दाराबाहेरूनच तोंड चालू. "हात हलका ठेव. नाहीतर ही पुन्हा चावेल, आणि मी अडवणार नाही." दोन घरांनी हुकूम मोडला. त्यांची दारं म्हणाली, घरी कोणी नाही.

महिनाभराने गोवर वस्तीत आलाच. त्या दोन घरांपैकी एका घरी. मुलगा तीन आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून होता. नर्सबाई रोज दोनदा जात होती. वाचला. आता जाड चष्मा लावतो. टोचलेल्या नऊ मुलांपैकी कोणालाही काही झालं नाही.

आणि मंडळी काय म्हणाली, ठाऊक आहे? म्हणाली, "एकालाच तर झाला. एवढा काय गाजावाजा."

मित्रांनो, तुम्हाला वाटलं असेल की गोष्टीच्या शेवटी सगळे चांगले होतात. मी तशी खुर्ची नाही. नर्सबाईच्या फाटकाशी लोक अजून आवाज खाली करतात. आत्या तिला वाटेत भेटली की नमस्कार करत नाही. फक्त तिच्या पावाच्या पिशवीत एखादा पाव जास्त पडतो, आणि त्याबद्दल दोघीही काही बोलत नाहीत.

पण एक गोष्ट घडली, ती मला ठाऊक आहे.

पुढच्या वर्षी आत्याची पाळी. नाटकाच्या आधी दोन दिवस ती मला पुसायला आली, निदान तसं सांगून चर्चची किल्ली घेतली. मला हलवून बघितलं. मी हलले नाही. तिने मला आडवं केलं आणि माझ्या पायाखालची घडी सोडली. मग जिन्याच्या पायरीवर बसून वीसही चिठ्ठ्या वाचल्या. पाठोपाठ तेच नाव वाचताना तिचा वेग कमी कमी होत गेला. एकटीच्या रागाची तिला सवय होती. वीस घरांचा राग एका ठिकाणी तिने कधी पाहिला नव्हता. पाळकसाहेबांची जांभळी चिठ्ठी वाचून तिने नाक मुरडलं. नर्सबाईच्या हातची चिठ्ठी तिने उजेडात धरली, पुन्हा वाचली. "शहाणी आहेस," ती म्हणाली. हे कौतुक होतं की शिवी, तिच्या तोंडून ते कधीच कळत नाही.

मग पिठाचे डाग असलेली चिठ्ठी तिने बाजूला काढली, चुरगळली आणि कमरेला खोचली. बाकीच्या एकोणीस पुन्हा घडी घालून माझ्या पायाखाली बांधल्या.

तेव्हापासून मी पुन्हा हलते. अगदी थोडी. आत्या हेरोद होऊन बसली तेव्हा मी केलेलं 'टक' पहिल्या बाकापलीकडे ऐकू गेलं नाही. पण नर्सबाई पहिल्याच बाकावर होती. तिने मान वर केली, आधी माझ्या पायाकडे बघितलं, मग आत्याकडे. त्या वर्षी पाय आपटताना नर्सबाईचा आवाज सगळ्यांत हलका होता.

आता मी पुन्हा जिन्याखाली आहे. मित्रांनो, जुन्या खुर्च्या शेवटी मागतात ते मी मागत नाही. मला रंग नको, तेलपाणी नको, बादली मांडीवर राहिली तरी चालेल. माझ्या पायाखाली एकोणीस चिठ्ठ्या आहेत. त्यातली एक नर्सबाईची स्वतःची, ती राहू दे. उरलेल्या अठरा तुमच्या आईवडिलांच्या आहेत, काकांच्या आहेत, पाळकसाहेबांची आहे. घरी जाऊन सांगा की जिन्याखालच्या दाराला कुलूप नाही. ज्याची त्याने येऊन घेऊन जावी, कोणी बघत नसताना आला तरी चालेल. मी मोजत बसले आहे. मला पुन्हा पुरती लंगडी व्हायचं आहे.